एकाच पिनचे दोन आकडे : दोन ऑपरेटरांची मापं पेअर्ड टेस्टने कशी ताडून बघायची

आधी माझी चूक सांगतो म्हणजे पुढचं कशासाठी लिहितोय ते कळेल. मी डिचोलीहून रोज कुंडईला जातो, तिथल्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या मशीन शॉपमध्ये क्वालिटी बघतो. स्टीलच्या टर्न केलेल्या पिना, ओडी (बाहेरचा व्यास) १२ मिमी, टॉलरन्स म्हणजे चालणारी घट-वाढ प्लस-मायनस २० मायक्रॉन, म्हणजे फार नाजूक काम नाही. सकाळच्या शिफ्टला काका मोजतात, दुपारी एक पोरगा, आयटीआय करून नुकताच आलेला. एका गिऱ्हाइकाने कळवलं की तुमच्या दोन शिफ्टच्या रिपोर्टमध्ये माप एका बाजूला सरकलेलं दिसतं, बघा जरा. मी दोघांना त्याच १० पिना मोजायला दिल्या (इथपर्यंत बरोबर होतं), आकडे एक्सेलात घातले, टी-टेस्ट लावली (दोन सरासरींतला फरक खरा की नुसत्या नशिबाचा ते ताडणारी), पी आला ०.४२ (खरा फरक नसताना निव्वळ नशिबाने एवढा किंवा जास्त फरक दिसायची शक्यता), आणि मी ऐटीत मेल टाकला की ऑपरेटरांमध्ये काही फरक नाही. महिन्याभराने तीच तक्रार परत. तेव्हा फाईल उघडून बघितलं तर टेस्टचा टाईप विचारतो त्या जागी मी १ ऐवजी २ टाकलेला. एका आकड्याची चूक, पण उत्तर पार उलटं.

हे ते आकडे. १२.००० मिमीच्या वर-खाली किती मायक्रॉन एवढंच लिहिलंय, म्हणजे ४ म्हणजे १२.००४ आणि वजा ३ म्हणजे ११.९९७. पिन १ ते १० ओळीने :

काका : ४, −३, ९, १, −६, ७, १२, −१, ३, ५
पोरगा : ६, ०, १०, ५, −४, ७, १५, २, २, ८
फरक (पोरगा वजा काका) : २, ३, १, ४, २, ०, ३, ३, −१, ३

काकांची सरासरी ३.१, पोराची ५.१. फरक २ मायक्रॉन. आता नुसत्या पहिल्या दोन ओळी बघा, काकांचे आकडे वजा ६ पासून १२ पर्यंत पसरलेत, पोराचे वजा ४ पासून १५ पर्यंत, दोघांचं स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) साडेपाचच्या आसपास. एवढ्या पसाऱ्यात २ मायक्रॉन कुठे दिसणार? साधी, म्हणजे दोन वेगळ्या गटांची टी-टेस्ट हेच म्हणते, टी (फरक भागिले त्यातली अनिश्चितता) ०.८२, दिसत नाही, सोडून द्या. पण हा पसारा ऑपरेटरांचा नाहीच, तो पिनांचा आहे, लेथवर पिना थोड्या जाड-बारीक येणारच. तिसरी ओळ बघा मग. तिथे पिनची जाडी वजा होऊन गेली आणि उरला तो फक्त माणसामाणसातला फरक, आणि तो दहातल्या आठ वेळा एकाच बाजूला आहे.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दोन काटे सारखे आहेत का बघायचं तर एकावर इसवण आणि दुसऱ्यावर बांगडे घालून काय कळणार, तोच मासा दोन्ही काट्यांवर घालायचा. पेअर्ड टेस्ट म्हणजे एवढंच.

हिशोब कसा करायचा

खरं म्हणजे पेअर्ड टी-टेस्ट ही वेगळी टेस्टच नाही. दोन ओळी विसरा, फरकाची एकच ओळ घ्या आणि विचारा की हिची सरासरी शून्यापासून लांब आहे का. फरकांची बेरीज २०, सरासरी २.०. प्रत्येक फरकातून २ वजा करून वर्ग करा आणि बेरीज घ्या, २२ येते, त्याला ९ ने भागा (१० नाही, एक कमी), २.४४, वर्गमूळ १.५६. हे फरकाचं स्टँडर्ड डेव्हिएशन. याला १० च्या वर्गमुळाने म्हणजे ३.१६ ने भागा, ०.४९४. ही सरासरीची स्टँडर्ड एरर. आता २.० भागिले ०.४९४, टी आला ४.०५. कोष्टकात डिग्री ऑफ फ्रीडम ९ (जोड्यांपेक्षा एक कमी) च्या समोर, दोन्ही बाजूंनी मिळून ५ टक्के, २.२६२ असा आकडा आहे. ४.०५ त्याच्या बराच वर. पी साधारण ०.००३.

तेच आकडे, तीच माणसं, आणि ०.४२ चं झालं ०.००३.

एक्सेलात टी.टेस्ट फंक्शन घ्या, पहिला कॉलम, दुसरा कॉलम, मग टेल्स २ (फरक दोन्ही बाजूंनी बघायचा), मग टाईप १. टाईप १ म्हणजे पेअर्ड. २ आणि ३ दोन्ही वेगळ्या गटांसाठी आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका. पण माझा सल्ला असा की पहिल्यांदा तरी फरकाचा कॉलम वेगळा काढाच, कारण टी.टेस्ट नुसता पी देतो, फरक किती आणि कुठल्या बाजूला ते सांगत नाही, आणि साहेबाला शेवटी तेच विचारायचं असतं. शिवाय फरक डोळ्यांसमोर असले की टायपिंगची चूक लगेच सापडते, एखादा ९२ मायक्रॉनचा फरक आला तर तो माणसाचा नसतो, कुणीतरी शून्य खाल्लेलं असतं.

ही टेस्ट काढली विल्यम गॉसेट याने, तो डब्लिनच्या गिनीज बिअरच्या कारखान्यात होता आणि १९०८ साली 'स्टुडंट' या टोपणनावाने त्याने तो पेपर छापला. त्यातलं उदाहरणसुद्धा जोड्यांचंच होतं, १० पेशंट, प्रत्येकाला दोन औषधं, कुठल्या औषधाने किती तास झोप वाढली. त्या डेटावर आज पेअर्ड टी काढला तर ४.०६ येतो, आमच्या ४.०५ च्या एवढा जवळ की मला काका आणि पोरगाच आठवले. निव्वळ योगायोग आहे, त्यातून काही काढू नका.

मोजायला देताना

खरी मेख इथे आहे. हिशोब दोन मिनिटांचा, आकडे कसे गोळा केले त्यावर सगळं.

पिनांना नंबर द्या, पण ऑपरेटरला आधीच्या माणसाने काय लिहिलंय ते दिसता कामा नये. आमच्याकडे एकच रजिस्टर होतं आणि पोरगा बिचारा काकांचा आकडा बघून स्वतःचा जरा जुळवून घ्यायचा, मोठ्या माणसाचं कसं चुकेल म्हणून. आता दोन वेगळे कागद. क्रमही बदलायचा, काकांना १ ते १० आणि पोराला ७, २, ९ असा उलटसुलट, आणि पाच पिना काका आधी मोजतील, पाच पोरगा आधी.

मापायची जागाही ठरवून टाका. पिन पूर्ण गोल कधीच नसते आणि थोडा टेपर (एका टोकाकडे निमुळतेपणा) असतोच, त्यामुळे एकाने टोकाला मोजलं आणि दुसऱ्याने मध्ये, तर तुम्ही ऑपरेटर ताडत नाही, लेथ ताडताय. आम्ही मार्कर पेनने मध्यावर एक रेघ मारतो, तिथेच मायक्रोमीटर लावायचा.

आणि तापमान. मापाचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस, पण एप्रिल-मेमध्ये आमच्या शॉपमध्ये ते कुठे बघायला मिळणार, आणि लाईट गेली की इन्स्पेक्शन रूमचा एसी पण गेला. स्टील मीटरला एका अंशाला साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं, म्हणजे १२ मिमीची पिन १० अंशांनी गरम झाली तर १.४ मायक्रॉन. आपण भांडतोय २ मायक्रॉनवर! मशीनवरून नुकती उतरलेली पिन एकाने मोजली आणि दुसऱ्याने तीच दुपारी थंड झाल्यावर, तर जोडी नावालाच जोडी राहिली. म्हणून पिना आणि मायक्रोमीटर एकाच टेबलावर तासभर ठेवायचे आणि दोघांनी लागोपाठ मोजायचं, शिफ्ट बदलायच्या वेळी दोघंही हजर असतात तेव्हा उत्तम. मायक्रोमीटर फार वेळ मुठीत धरून गप्पा मारायच्या नाहीत, फ्रेम हाताच्या उबेने गरम होते.

पिना निवडताना सगळ्या एकसारख्या घेऊ नका. टॉलरन्सच्या खालच्या टोकाजवळच्या, वरच्या टोकाजवळच्या, अशा मिसळून घ्या, कारण फरक सगळीकडे सारखाच आहे की जाडीबरोबर बदलतो ते पण बघायचंय.

किती पिना? ढोबळ हिशोब असा : जो फरक सापडलाच पाहिजे असं वाटतं त्याने फरकाच्या स्टँडर्ड डेव्हिएशनला भागा, २.८ ने गुणा, वर्ग करा. आमचं १.५६, मला १ मायक्रॉनचा फरक पकडायचा असेल तर ४.३७ चा वर्ग, म्हणजे १९ आणि वर दोनेक जास्त. हे धरलं तर खरंच तेवढा फरक असेल तेव्हा पाचातल्या चार वेळा टेस्ट तो पकडेल. २ मायक्रॉनसाठी सातेक पिना पुरतात.

एक चूक मी अजून बऱ्याच जणांची बघतो. प्रत्येकाने प्रत्येक पिन तीनदा मोजली, मग ३० जोड्या झाल्या म्हणून ३० घालून टाकतात आणि पी मस्त छोटा येतो. त्या ३० जोड्या नाहीत, १० च आहेत. तीन मापांची सरासरी काढून १० फरक घ्यायचे. तीनदा मोजलेलं वाया जात नाही, उलट त्यातूनच कळतं की एकाच माणसाचा हात स्वतःशी किती जुळतो, आणि ते पेअर्ड टेस्ट सांगूच शकत नाही. समजा एकाचे आकडे दर वेळी ५ मायक्रॉन वर-खाली उडतात पण सरासरी बरोबर येते, तर टेस्ट म्हणणार सगळं छान.

पी आला, पुढे काय

०.००३ आला म्हणून लगेच काकांना ट्रेनिंगला पाठवू नका. पी एवढंच सांगतो की फरक नशिबाने आलेला नसावा. फरक मोठा आहे का, ते त्याला विचारूच नका. त्यासाठी फरकाची ९५ टक्क्यांची मर्यादा काढा : २.० अधिक-उणे २.२६२ गुणिले ०.४९४, म्हणजे ०.९ ते ३.१ मायक्रॉन. खरा सरासरी फरक या पट्ट्यात कुठेतरी. आमचा टॉलरन्स एकूण ४० मायक्रॉनचा, त्यातले २ म्हणजे ५ टक्के. पिन १२.००५ असेल तर कोणी मोजली याने काही बिघडत नाही. पण पिन १२.०२१ असेल तर? पोरगा २१ वाचून बाजूला काढेल, काका १९ वाचून पेटीत टाकतील. दोघं आपल्या परीने बरोबरच. टॉलरन्स प्लस-मायनस ५ चा असता तर हेच २ मायक्रॉन पाचवा हिस्सा झाले असते आणि मी रात्री झोपलो नसतो, गॉसेटचं कुठलंही औषध घेऊन.

उलटंही होतं. पी ०.३ आला की लोक लिहून टाकतात 'दोन्ही ऑपरेटर सारखे'. नाही हो. चार पिना मोजल्या तर काहीच सापडत नाही, म्हणून ते सारखे होत नाहीत. सारखे म्हणायचं असेल तर आधी ठरवा किती फरक चालतो, आमच्याकडे टॉलरन्सचा दहावा हिस्सा म्हणजे ४ मायक्रॉन, आणि मग ९० टक्क्यांची मर्यादा (२.२६२ च्या जागी १.८३३) पूर्णच्या पूर्ण वजा ४ ते अधिक ४ च्या आत बसते का बघा. आमची येते १.१ ते २.९, बसते. म्हणजे फरक नक्की आहे, आणि तरीही चालण्यासारखा आहे. ही दोन वाक्यं एकत्र ऐकली की मीटिंगमध्ये कुणीतरी हमखास म्हणतो, अरे पण मग आहे की नाही? दोन्ही खरं आहे. चार ही मर्यादा मात्र आकडे बघायच्या आधी लिहून ठेवायची, नंतर नाही. तसंच 'पोराचंच माप जास्त येणार' हे आकडे बघून ठरवलं आणि मग एकाच बाजूची टेस्ट लावून पी अर्धा केला, तर ती लबाडी.

फरकांचा एक आलेख जरूर काढा, आडव्या रेषेवर दोघांच्या मापाची सरासरी, उभ्यावर फरक. ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ मध्ये लॅन्सेटमध्ये हे मांडलं, डॉक्टर लोकांसाठी, पण आपल्याला तितकंच चालतं. ठिपके शून्याच्या वर एका पट्ट्यात असतील तर कायमचा सरकलेला हात, पट्टा जाडीबरोबर वर चढत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे एका सरासरीला अर्थ उरत नाही. सरासरी अधिक-उणे १.९६ गुणिले १.५६ केलं की आमचा पट्टा वजा १.१ ते अधिक ५.१, म्हणजे कुठल्याही एका पिनवर दोघांत एवढा फरक पडू शकतो. गिऱ्हाइकाला पी पेक्षा हा पट्टा लवकर कळतो, माझा तरी अनुभव.

फरक फारच वेडेवाकडे असतील, एखादाच प्रचंड मोठा, तर टी-टेस्ट सोडा आणि विल्कॉक्सनची साइन्ड रँक घ्या, १९४५ ची आहे, आकड्यांऐवजी त्यांचे नंबर वापरते. आणि तेही नको असेल तर चहाच्या टपरीवर बोटांवर करता येते ती साइन टेस्ट. आमचे फरक : आठ अधिक, एक वजा, एक शून्य. शून्य सोडा. नऊ वेळा नाणं उडवून आठ किंवा जास्त वेळा छापा पडायची शक्यता ५१२ मध्ये १०, काटासुद्धा तेवढ्याच वेळा, म्हणून २० भागिले ५१२, ०.०३९. कॅल्क्युलेटरसुद्धा लागला नाही. कमी ताकदीची टेस्ट आहे पण मला आवडते, फ्लोअरवरच्या माणसाला समजावता येते.

तीन ऑपरेटर असतील तर तीन जोड्या करून तीन टी-टेस्ट करू नका, प्रत्येक वेळी ५ टक्के खोट्या बोंबेची शक्यता आणि ती साठत जाते. तिथे पिन आणि ऑपरेटर दोन्ही घेऊन अनोव्हा (दोनापेक्षा जास्त गट एकाच वेळी ताडणारी टेस्ट) लावा. आणि माप नसून गो-नोगो गेजवर नुसतं पास-फेल असेल तर मॅकनेमारची टेस्ट, तिथे फक्त जिथे दोघांचं पटलं नाही त्याच पिना मोजल्या जातात.

मग बरोबर कोण?

पेअर्ड टेस्ट हे सांगत नाही! दोघांत फरक आहे एवढंच. कोण खरं ते कळायला खरं माप माहीत असलेली वस्तू लागते. मी १२ मिमीची स्लिप गेज (अचूक मापाचा स्टीलचा ठोकळा) काढली, दोघांना दहा-दहा वेळा मोजायला लावली. पोरगा १२.००० च्या आजूबाजूला. काका ११.९९८, परत ११.९९८, एकदा ११.९९७, परत ११.९९८. हात इतका पक्का की मला हेवा वाटला, फक्त २ मायक्रॉन खाली पक्का.

मग मी शेजारी उभा राहून नुसतं बघितलं. पोरगा मायक्रोमीटर मागच्या रॅचेटने (ठरावीक दाब आला की टिकटिक करत सटकणारं टोक) फिरवतो, तीन टिकटिक ऐकतो, वाचतो. काका रॅचेटला हातच लावत नाहीत, थेट थिंबल (आकड्यांची फिरती नळी) धरून फिरवतात आणि शेवटी अंगठ्याने हलकासा दाब, इतका हलका की बघताना कळतही नाही. दाब जास्त की फ्रेम किंचित उघडते, स्पिंडल तेवढा पुढे जातो, आकडा कमी येतो. झिरो सेट कोण करायचं? पोरगा, रॅचेटने. काकांनी स्वतःच्याच दाबाने झिरो केला असता तर हा फरक बराचसा आपोआप गेला असता आणि मला कधीच सापडला नसता.

काकांना सांगायचं कसं हा प्रश्नच होता. आकडे दाखवले नाहीत, स्लिप गेज हातात दिली आणि म्हटलं काका, एकदा थिंबलने आणि एकदा रॅचेटने बघा ना. त्यांनी बघितलं, चष्मा कपाळावर सरकवला, परत बघितलं. मग म्हणाले, "जुन्या मायक्रोचा रॅचेट खराब होता रे, तेव्हापासून सवय लागली."

परत त्याच १० पिना, नवे कागद, काका रॅचेटवर. फरक : १, −१, २, ०, ३, −१, १, ०, −२, १. सरासरी ०.४, स्टँडर्ड डेव्हिएशन १.५१, मर्यादा वजा ०.७ ते १.५. इथे एक खाचखळगा आहे, आधी पी ०.००३ होता आणि आता ०.४ च्या वर, म्हणून सुधारणा सिद्ध झाली असं लिहू नका. ते सिद्ध करायचं तर काकांची आधीची आणि आताची मापं, पिन लावून पिन, जोडीने ताडायची, म्हणजे परत पेअर्ड टेस्ट, या वेळी काका विरुद्ध काका. ती चवथीच्या सुट्टीनंतर करणार आहे. टाईपच्या जागी १ टाकून.